दाब कोणाचा?

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या घरात पहिल्या काही वर्षांत एक पालट घडून येतो. घर सोडताना तो चहाचा असतो. पण बंगळूर, म्हैसूर किंवा चेन्नई यांपैकी एखादी नेमणूक पदरात पडली, की निदान सकाळच्या पहिल्या पेल्यापुरता तरी तो कॉफीचा होतो. पुढे बदली दिल्लीस होवो की रांचीस, पितळी फिल्टर सामानाबरोबर जातोच. अलीकडे मात्र अनेकांचे पितळी फिल्टरवर भागेनासे झाले आहे. घरी एस्प्रेसोचे यंत्र असावे, अशी इच्छा आमच्या कितीतरी स्नेह्यांना होऊ लागली आहे. येथपर्यंत आमचे कोणाशीच भांडण नाही. भांडण सुरू होते ते पुढच्या प्रश्नावर. यंत्र हाताने चालणारे घ्यावे की पंपाचे, म्हणजे अर्धस्वयंचलित घ्यावे? कोणत्याही मराठी मंडळाच्या कोजागरीस हा प्रश्न टाकून पाहावा. बहुतेक मंडळी पंपाच्या बाजूने कौल देतात. आणि तो अशा सहजतेने देतात, की प्रश्न विचारणाऱ्यालाच आपण पाट्यावरवंट्याची बाजू मांडीत आहोत असे वाटून ओशाळे व्हावे. हा कौल आम्हांस मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. बारीक दळलेली आणि चाळणीत घट्ट दाबून बसवलेली कॉफी. तिच्यातून सुमारे ९ बार दाबाने २५ ते ३० सेकंदांत गरम पाणी उतरवले, की हाती येते ती एस्प्रेसो. ९ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ९ किलोंचा भार. हा दाब कोणी द्यायचा, यावरून यंत्रांचे दोन पंथ झाले आहेत. हातयंत्रात तो माणूस दांड्याने देतो. या पंथात काहींना स्वतःचा बॉयलर असतो, जसे 'ला पावोनी'चे 'युरोपिकोला'. तर 'फ्लेअर' किंवा 'रोबो' यांसारख्यांना विजेची तारच नसते, किटलीतले उकळते पाणी ओतायचे आणि दांडा ओढायचा. अर्धस्वयंचलित यंत्रात विजेवर थरथरणारा एक लहानसा पंप दाब देतो. माणसाने कळ दाबून तो सुरू करायचा आणि पेला भरला की कळ दाबून थांबवायचा. थांबण्याचे कामही यंत्रच करू लागले, की ते स्वयंचलित. आणि दळण्यापासून सारे तेच करू लागले, की पूर्ण स्वयंचलित.

आता या व्याख्येतच दडलेली एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. बी दळणे, भुकटी तोलणे, चाळणीत सारखी पसरून दाबून बसवणे, दळण आज बारीक झाले की भरड हे पारखणे, आणि शेवटी चोथा काढून सारे धुणे, ही सर्व कामे दोन्ही पंथांत माणसाच्याच माथी असतात. अर्धस्वयंचलित यंत्र पाणी तापवते आणि दाब देते. यापलीकडे ते काडीचाही भार हलका करीत नाही. पाणी किटलीतही तापते. म्हणजे ज्या सोयीसाठी पंपाची एवढी थोरवी गायली जाते, ती सोय उणीपुरी अर्ध्या मिनिटाची आहे! त्या अर्ध्या मिनिटासाठी आपण काय काय देऊन बसतो, याचा हिशेब मांडणे हे आमचे येथील काम.

प्रतिपक्षाचा पहिला दावा प्रगतीचा आहे. हाताचे यंत्र हा भूतकाळ, पंप हा वर्तमानकाळ, असे ते सांगतात. सकृद्दर्शनी हे बिनतोड वाटते. पण एस्प्रेसोचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. तुरिनच्या आंजेलो मोरिओन्दोने १८८४ साली आणि मिलानच्या लुइजी बेत्सेराने १९०१ साली यंत्रांची पेटंटे घेतली. बेत्सेराचे पेटंट देसिदेरिओ पावोनीने मिळवले आणि १९०५ पासून ती यंत्रे बनू लागली. ही यंत्रे वाफेच्या जोरावर चालत, आणि वाफेचा तो जोर दीड बारच्या आसपास असे. कॉफी लवकर होई. पण ती करपट आणि कडू लागे. आज आपण जिला एस्प्रेसो म्हणतो ती या यंत्रांतून कधी उतरलीच नाही. ती उतरली मिलानच्याच आकिले गाजिया नावाच्या बारचालकामुळे. वाफ टाळून नुसत्या गरम पाण्याने कॉफी काढण्याचे पहिले पेटंट त्याने १९३८ साली घेतले. आणि महायुद्धानंतर, १९४७-४८ च्या सुमारास, स्प्रिंग आणि दट्ट्या असलेले लांब दांड्याचे यंत्र बाजारात आणले. माणसाने दांडा खाली ओढला, की स्प्रिंग आवळली जाई. दांडा सोडला, की तीच स्प्रिंग पाणी रेटीत असे. दाब एकदम दीडावरून आठ-दहा बारांवर गेला, आणि पेल्यावर प्रथमच सोनेरी-तपकिरी साय धरली. तिलाच क्रेमा म्हणतात. एस्प्रेसोचा जन्मच असा माणसाच्या दंडातून झाला आहे.

मग पंप का आला? १९६१ साली एर्नेस्तो वालेन्ते याच्या फाएमा कंपनीने विजेच्या पंपाचे 'ई-६१' हे यंत्र काढले. त्या वर्षी फेब्रुवारीत इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते. त्या ग्रहणावरून हे नाव पडले. या यंत्राचे कारण अगदी व्यवहारी होते. गर्दीच्या बारमध्ये दिवसभर शेकड्यांनी पेले काढणाऱ्या नोकराचा खांदा भरून येई. पंपाने त्याचे श्रम वाचले आणि मालकाचा गल्ला वाढला. या कारणाबद्दल आम्हांस पूर्ण आदर आहे. पण सकाळी दोन आणि संध्याकाळी एक असे पेले घेणाऱ्या घरात हे कारण लागू कसे पडते, ते कोणी आम्हांस समजावून सांगावे. विहिरीवर पंप बसवणारा शेतकरी शहाणा खरा. म्हणून देवघरातल्या पळीपंचपात्रीला कोणी पंप जोडीत नाही.

आणखी एक गंमत. स्प्रिंगचा किंवा हाताचा दाब आरंभी चढतो आणि कॉफीचा सत्त्वांश उतरत जाईल तसा हळूहळू ओसरतो; त्यामुळे पेल्याच्या शेवटी येणारी कडवट, तुरट चव आटोक्यात राहते. पंपाचा दाब मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत सरकारी परिपत्रकासारखा एकसारखाच असतो. म्हणून आता काही लाख रुपयांच्या पंपयंत्रांत असे विद्युत्-नियंत्रण बसवतात, की त्यांचा दाब दांड्याच्या यंत्रासारखा चढावा आणि उतरावा. म्हणजे ज्या हाताला मागासलेला ठरवून निवृत्त केले, त्याचीच नक्कल आता लाखाच्या भावाने विकली जाते. याला प्रगती म्हणावयाचे असेल, तर खुशाल म्हणावे!

यावर प्रतिपक्ष म्हणेल, आम्ही लाखाचे यंत्र घेतच नाही. आम्ही दहा, पंधरा, फार तर पंचवीस हजारांचे घेतो. उत्तम. आमचा खरा आक्षेप या यंत्रांवरच आहे. त्यांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१५ बार' असे छापलेले असते, कोठे '२० बार'ही असते. साधा ग्राहक असे समजतो, की नऊपेक्षा पंधरा चांगले आणि पंधरांपेक्षा वीस. वस्तुतः तो आकडा म्हणजे पाण्याला बाहेर पडण्यास वाटच नसताना पंप जास्तीत जास्त किती जोर करू शकतो, त्याचा. कॉफीला नऊच्या आसपासचाच दाब हवा असतो. पंधरा बार खरोखरच तिच्यावर पडले, तर कॉफीचा थर फाटून पाणी एकाच भेगेतून पळते. चांगल्या यंत्रात हा जादा दाब सोडून देणारी झडप असते. म्हणजे ज्या आकड्याची जाहिरात करायची, तोच वापरू नये म्हणून आत दुसरा भाग बसवायचा!

याहून मोठी लबाडी चाळणीत असते. स्वस्त पंपयंत्रांपैकी अनेकांबरोबर दुहेरी तळाची चाळणी येते. तिच्या वरच्या तळाला नेहमीसारखी पुष्कळ छिद्रे असतात. खालच्या तळाला मात्र सुईच्या अग्राएवढे एकच छिद्र असते. कॉफी भरड असो, शिळी असो, सैल भरलेली असो, अडथळा ते छिद्र निर्माण करते आणि त्यातून जोराने फवारलेला द्रव आपोआप फेसाळतो. पेल्यावर जाड थर दिसतो आणि गृहस्थ खूश होतो. खरी क्रेमा ताज्या भाजलेल्या बियांतला कर्बवायू आणि तेलांश दाबाखाली पाण्यात मिसळून बनते; ही बनते छिद्रातून. आमच्या पिढीने लग्नमंडपात आणि रेल्वे फलाटावर 'एस्प्रेसो' या नावाखाली झटपट कॉफी घातलेले, वाफेने फेसाळलेले आणि वर कोकोची भुकटी भुरभुरलेले गोड दूध पुष्कळ प्यायले आहे. तो एक निष्पाप गैरसमज होता. त्यात कोणी नऊ बारांचा आव आणला नव्हता. दुहेरी तळाच्या चाळणीतला फेस हा मात्र जाणूनबुजून चढवलेला मुखवटा आहे. तो माणसाला शिकू देत नाही. दळण चुकले तरी पेला तसाच, बरोबर आले तरी तसाच; मग माणसाने सुधारावे कशाच्या आधारे?

हाताचे यंत्र असे खोटे सहसा बोलत नाही. दळण भरड असेल, तर दांडा लोण्यातून सुरी जावी तसा खाली जातो आणि पेल्यात पिवळट पाणी पडते. फार बारीक असेल, तर दांडा अडून बसतो. चूक कोठे झाली, हे जिभेच्या आधी तळहाताला कळते, आणि दुसऱ्या दिवशी काय बदलायचे तेही कळते. आठवडाभराच्या चुकांत जेवढे शिक्षण होते, तेवढे मुखवट्याच्या यंत्रावर वर्षभरात होत नाही.

येथेच पैशाचा मुद्दा येतो. पेल्याची चव यंत्रापेक्षा दळणावर अधिक अवलंबून असते, हे जाणत्यांना सांगावयास नको. भुकटीचे कण एकसारखे हवेत आणि दळण केसभराने बारीक-भरड करता आले पाहिजे. पात्यांच्या मिक्सरला हे कदापि साधत नाही, त्यासाठी दातेरी चकत्यांची चक्कीच हवी. आता ज्याच्याकडे या हौसेसाठी तीस हजार रुपये आहेत, त्याने ते पंपयंत्रावर घातले, तर चक्कीला चार पैसे उरत नाहीत. मग तो बाजारची दळलेली पुडी आणतो, आणि त्या पुडीसाठी दुहेरी तळाची चाळणी अपरिहार्य होते. एक लबाडी दुसरीला जन्म देते ती अशी. साधे हातयंत्र घेतले, तर उरलेल्या पैशांत उत्तम हातचक्की येते आणि वर चिकमगळूर-कोडगूची ताजी भाजलेली बी वर्षभर घेण्याइतकी शिल्लक राहते.

ही झाली कोणत्याही गृहस्थाची गोष्ट. या मासिकाच्या वाचकांचे बहुतांश आयुष्य बदलीच्या हुकमावर चालते. त्यांच्यासाठी आणखी एक प्रकरण आहे. पंपयंत्रात पंप, बॉयलर, तापनियंत्रक, झडपा आणि रबरी नळ्या असतात. त्यांतला प्रत्येक भाग एक दिवस बिघडणार. दिल्ली, जयपूर यांसारख्या ठिकाणी पाणी जड. बॉयलरात क्षार धरतात, आणि ते वेळच्या वेळी काढले नाहीत तर नळ्या चोंदतात. आमच्याही घरी असे एक यंत्र होते. त्याचा पंप मुक्याने बंद पडला तेव्हा आमचा मुक्काम एका लहान जिल्ह्याच्या गावी होता आणि कंपनीचे सेवाकेंद्र साडेचारशे किलोमीटरांवर. मूळ खोके पहिल्याच बदलीत गेलेले; सुताराकडून पेटी करवून यंत्र पाठवले. सात आठवड्यांनी ते परत आले, नवा पंप आणि तडकलेली पाण्याची टाकी घेऊन. टाकीचा पत्रव्यवहार चालू असतानाच पुढचा बदलीचा हुकूम हाती पडला. विजेविना चालणाऱ्या हातयंत्रात बिघडण्याजोगे असते ते दट्ट्याभोवतीचे रबरी कडे. तशी दोन-तीन कडी पाकिटात घालून ठेवावीत. ती बदलण्यास इंजिनिअर लागत नाही. यंत्र उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ट्रंकेत जाते, आणि नव्या क्वार्टरात गॅस जोडला जाताच पहिला पेला तयार होतो. तेथे वीज चोवीस तासांपैकी किती तास असते, हे आधी विचारावे लागत नाही.

प्रतिपक्षाच्या बाजूने जे न्याय्य आहे ते मात्र आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पंपयंत्राला वाफेची नळी असते आणि आपण मराठी माणसे कॉफी दुधाचीच पितो, हे खरे. पण दूध गॅसवर तापवून तांब्या-पेल्यात उंचावरून दोन-चार वेळा ओतले, तर त्यावर किती सुरेख फेस येतो, हे दक्षिणेत राहून आलेल्यांना आम्ही शिकवायला नको. इटालियन कपुचिनोची रेशमी साय यातून मिळणार नाही. ज्याला तीच हवी, त्याने नळीवाले यंत्र घ्यावे. रविवारी आठ माणसे येणाऱ्या घरात हातयंत्रवाल्याची त्रेधा उडते, हेही खरे. तथापि त्या वेळी पितळी फिल्टर हजर असतो आणि पाहुण्यांना तो अधिक आवडतो. खांदा किंवा मनगट दुखावलेल्या ज्येष्ठांनी हाताच्या यंत्राच्या वाटेला जाऊ नये, हे आम्ही स्वतः सांगू. पाण्याच्या उष्णतेच्या बाबतीतही हातयंत्राची बाजू लंगडी आहे. थंड नळकांड्यात उकळते पाणी ओतले तर ते लगेच निवते, म्हणून नळकांडे आधी तापवून घ्यावे लागते.

उंचावरच्या नेमणुकीत तर निसर्गच पंपाच्या बाजूने उभा राहतो. दर तीनशे मीटरांमागे पाण्याचा उत्कलनबिंदू अंदाजे एका अंशाने उतरतो. शिलाँगला पाणी सुमारे ९५ अंशांवर उकळते, सिमल्यास ९३ च्या आतबाहेर, आणि लेहला ८८ च्या जवळपास. एस्प्रेसोला साधारण ९० ते ९६ अंशांचे पाणी हवे. शिलाँग-सिमल्यापर्यंत, विशेषतः गडद भाजलेल्या बियांवर, निभावून जाते. पण लेहच्या उघड्या किटलीतले पाणी कितीही उकळा, हलक्या भाजणीच्या बियांतून आंबट पेलाच निघणार. तेथे बंद बॉयलरचेच यंत्र हवे. तेव्हा लेहला जाणाऱ्या अधिकाऱ्यांना आमचा आग्रह नाही. पण आपल्यापैकी कितीजण लेहला जातात?

राहता राहिला शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तो कॉफीचा नाही, घराचा आहे. आपल्यापैकी अनेकांनी नोकरीत शिरल्यापासून स्वतःच्या हाताने चहादेखील केलेला नाही. घंटी वाजवली की तो येतो, कचेरीत शिपायाच्या हातून आणि घरी आणखी कोणाच्या तरी. अशा घरात पंपयंत्र हौसेने येते. पहिले पंधरा दिवस गृहस्थ स्वतः कळ दाबतात, पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवतात. सोळाव्या दिवशी ते वर्तमानपत्रामागून म्हणतात, "अहो, ऐकलंत का? नुसती कळ तर दाबायची आहे!" आणि त्या दिवसापासून दळणे, भरणे, चोथा काढणे, क्षार धुणे हे सारे त्या 'नुसत्या कळी'च्या पोटात शिरून गृहिणीच्या किंवा घरकामाच्या बाईच्या खात्यावर चढते. हौस एकाची, कष्ट दुसऱ्याचे. आणि वर ते कष्ट नाहीतच, असा दावा.

हातयंत्र अशी बदली मंजूर करीत नाही. ज्याला पेला हवा, त्याने दांडा ओढावा. उठावे, दळावे, पाणी तापवावे, आणि आपल्याच दंडाचे बळ खर्चून आपली कॉफी मिळवावी. दुसऱ्यासाठी केली, तर ती खरोखरच आपण केलेली असते. आयुष्यभर वरून आलेला दाब खाली सरकवण्याची ज्यांना सवय जडली आहे, त्यांनी दिवसातून एकदा तरी दाब स्वतःच्या हाताने द्यावा, यात आम्हांस मोठे औचित्य दिसते.

तेव्हा आमचा निर्णय असा. ज्यांचा हात धड आहे, घर लहान आहे, बदली ठरलेली आहे आणि खिशाला मर्यादा आहे, त्यांनी आधी उत्तम चक्की घ्यावी, मग साधे हातयंत्र, आणि उरलेल्या पैशांची ताजी बी. ज्यांना पंपच हवा, त्यांनी खोक्यावरच्या बारांचा आकडा वाचू नये. एकेरी तळाची चाळणी मिळते का, जादा दाबाची झडप आहे का आणि पुढच्या गावी दुरुस्ती करणारा कोण आहे, एवढे विचारावे. या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा विक्रेता भेटला, तर त्याच्याकडून यंत्र अवश्य घ्यावे. मात्र घरी आणल्यावर सोळाव्या दिवशीही कळ आपणच दाबावी. आणि चोथाही आपणच काढावा.